वानगीच्या बारा पिशव्या

१

सहा पिशव्यांपर्यंत मुंबईच्या आडतीचे मेहताजी नुसते हुंकार देत होते. सातवी पांढऱ्या चादरीवर उलटी केली आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. काळ्याभोर खुरासणीच्या ढिगावर, अगदी माथ्यावर, तांदूळ! लालसर, जाडा, घरी कांडलेला तांदूळ. पहिलीत तेच, दुसरीत तेच, सातवीतही तेच.

"कारभारीसाहेब," मेहताजी म्हणाले, "ही वानगी आहे की खिचडी?"

ही जव्हार संस्थानाची कचेरी. एकोणीसशे अकरा सालचा चैत्र होता. त्या साली अमेरिकेत जवसाचं पीक बुडालं होतं. कुठली अमेरिका आणि कुठलं जव्हार! पण तिकडं जवस बुडालं आणि विलायतेतल्या रंगवाल्यांना, साबणवाल्यांना तेल मिळेना. मग त्यांची नजर फिरत फिरत आली ती थेट आमच्या डोंगरातल्या खुरासणीवर, म्हणजे तेलाच्या कारळ्यांवर. मेहताजींच्या आडतीनं संस्थानाला लिहिलं, की भाव चढता आहे, पावसाआधी जहाजं सुटतील, बारा पाड्यांची वानगी दाखवा, पसंत पडली तर सगळा माल थेट घेऊ. सोबत बारा कोऱ्या पिशव्या, एकेक दोन शेरांची, वर निळ्या शाईत विलायतेतल्या पेढीचं नाव आणि एक ते बारा आकडे. अट एकच, पण कडक. शंभर भागांत दोन भागांहून जास्त काही दुसरं निघालं, तर तो माल तिकडच्या बंदरात उतरूच देत नाहीत.

आणि इथं तर पहिल्या पिशवीतच मूठभर तांदूळ.

कारभाऱ्यांनी लहान्याला पुढं बोलावलं. लहान्या खोडाळ्याचा, संस्थानाचा मापारी. तीस वर्षं त्याच्या हातून धान्य मापलं गेलं, पण मापात खोट आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. मोखाड्याच्या चावडीवर भर बाजारात याच पिशव्या त्यानं भरल्या होत्या.

"लहान्या, पिशव्यांत काय घातलंस?"

"खुरासनी."

"आणि हा तांदूळ?"

लहान्यानं चादरीवरचा एक दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. "पिशव्या माझ्या हातनं भरल्या," तो म्हणाला. "काय असंल तं माझं. माला घालवा."

त्यापुढं तोंडाला कुलूप. कारभारी रागावले, समजावून झालं, पुन्हा रागावले. शेवटी त्यांनी सांगितलं, "मेहताजी परवा सकाळी घाट उतरणार. तोवर खुलासा झाला नाही, तर मापारकी तर गेलीच, शिवाय संस्थानाची हद्द सोडायची. धान्यात भेसळ करणाऱ्याला इथं जागा नाही."

कोपऱ्यात रघुनाना उभे होते. नाना म्हणजे मोखाड्याच्या नाक्याचे नाकेदार. गेली वीस वर्षं येणारी-जाणारी प्रत्येक गोणी त्यांच्या हाताखालून गेलेली. स्वभाव चिडचिडा, गुडघे दुखरे, आणि त्या पिशव्यांवरची लाखेची मोहर त्यांच्याच हातची.

"साहेब," नाना पुढं झाले, "परवापर्यंतचा वेळ मला द्या. या माणसानं भेसळ केली असेल, तर मी मोहर खाली ठेवून घरी बसतो."

बोलून गेले खरे. मग त्यांनी लहान्याकडं पाहिलं. उपकार मानायचे सोडून तो मान हलवून नको नको म्हणत होता!

२

उरलेल्या पाच पिशव्या नानांनी आपल्यासमोर उघडायला लावल्या. मोहरा शाबूत होत्या, शिवणीचा एक टाका हललेला नव्हता. बाराही ढीग ओळीनं मांडले.

मेहताजींचा न्याय तयार होता. "तांदूळ ढिगाच्या माथ्यावर आहे. म्हणजे पिशवीच्या तोंडाशी होता. म्हणजे भरल्यानंतर कुणीतरी वरून घातला. तो गाडीवाला कोण? बाबल्या? त्याला धरा."

"मेहताजी," नाना म्हणाले, "आपण कधी पिशवी उपडी केली आहे का?"

"म्हणजे काय?"

"उपडी केली की तोंडाशी असतं ते आधी पडतं आणि ढिगाखाली जातं. तळाशी असतं ते शेवटी पडतं, ते माथ्यावर दिसतं. हा तांदूळ तळाशी होता. खुरासणी पडायच्या आधी तो पिशवीत होता."

मेहताजींनी चष्मा पुन्हा लावला. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त घाईत होता.

"दुसरं असं," नाना बोलत राहिले. त्यांना एकदा लय सापडली की ते ऐकत नसत. "भेसळ करणारा माती घालतो, काळं तण घालतो, जे खुरासणीत लपेल ते. काळ्यात तांदूळ घालणारा चोर मी तरी पाहिला नाही. साधी चाळणी मारा, खुरासणी खाली, तांदूळ वर, झालं. आणि तांदूळ खुरासणीपेक्षा महाग! तोटा सोसून भेसळ कोण करतो?"

"ज्याला हा सौदा मोडायचा आहे तो," मेहताजी पटकन म्हणाले.

हे मात्र खरं होतं. सौदा मोडला तर कुणाचं फावणार होतं ते अख्ख्या मोखाड्याला ठाऊक होतं. जेठाशेट. इतकी वर्षं डोंगरची सगळी खुरासणी तेच म्हणतील त्या भावानं घ्यायचे.

नाना उठता उठता थबकले. ओळीतल्या ढिगांकडं ते पहिल्यांदाच नीट बघत होते. पहिल्या पिशवीत भरगच्च मूठ तांदूळ. दुसरीत जरा कमी. पाचवीत अर्धी मूठ. आठवीत चिमूटभर. अकरावीत पंधरावीस दाणे. आणि बाराव्या ढिगावर त्यांनी बोटानं मोजले ते फक्त पाच.

"हे असं उतरत का गेलं?" ते स्वतःशीच पुटपुटले.

३

बाबल्या गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता. नानांना पाहून त्याची पाचावर धारण बसली.

"नाना, देवाची आन, मी पिशवीला हात नाय लावला! गाडीत चढवल्या, उतरवल्या. वाटेत थांबलो तं त्यांच्यावरच निजलो."

"मोहर शाबूत आहे, रडू नकोस. लहान्या काही बोलला का तुझ्याशी?"

बाबल्या जरा घुटमळला. खोडाळ्याकडची माणसं नानांना काय, कारभाऱ्यांनाही 'तू' म्हणतात. त्यात अपमान नसतो, त्यांच्या बोलीत 'तुम्ही'ला जागाच कमी. "तुला सांगू का नाना? कचेरीतून बाहेर आला तवा धा हाका मारल्या, ओ नाय दिली. मंग जवळ येऊन एकच इचारलं. फागीला कळलं का, म्हनं."

फागी म्हणजे लहान्याची बायको. नवऱ्याची नोकरी जायची वेळ, हद्दपारी समोर, आणि या गृहस्थाला काळजी कसली, तर बायकोला कळलं का!

नानांनी तट्टू काढलं आणि उन्हातान्हाचं मोखाडं गाठलं. जेठाशेट दुकानात गादीवर बसले होते. प्रश्न ऐकताच त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी? मी तांदूळ घातला? सौदा मोडावा असं मला वाटतं, लपवत नाही. वाटणारच! पण हे बघा." त्यांनी गोणीत हात घातला आणि ओंजळ पुढं केली. पांढराशुभ्र, बारीक, गिरणीचा तांदूळ. "रंगूनहून बोटीनं मुंबईला, तिथून इथं. माझ्याकडं दुसरा तांदूळ नाही. तुमच्या पिशवीत कोणता निघाला?"

"लाल. घरी कांडलेला."

"मग मलाही दाखवा, मी विकत घेतो! होळीपासून बाजारात लाल तांदूळ कुणी आणलेला नाही, नाना. पाड्यांवर संपलाय. चैत्रात ज्याच्या घरी लाल तांदूळ आहे ना, त्यानं तो जिवापाड जपून ठेवलेला असणार. असला तांदूळ कुणी वैरापोटी पिशवीत ओतत नाही."

शेट रागात बोलले, पण नेमकं बोलले. नाना दुकानाच्या पायरीवर बसले आणि बोटं मोडत हिशेब जुळवू लागले. पिशवी क्रमांक एक ते बारा, तांदूळ त्याच क्रमानं उतरता. चावडीवर मात्र पिशव्या आकड्यांच्या क्रमानं भरल्या नव्हत्या. जो पाडा आधी आला त्याची आधी, सातवी सगळ्यांत पहिली आणि पहिली जवळजवळ शेवटी. म्हणजे तांदूळ घालताना बाराही पिशव्या कोऱ्या, एकावर एक रचलेल्या, मुंबईहून आल्या तशाच होत्या. एका हातानं, एका बैठकीत, वरून खाली. आणि त्या हाताला तांदूळ पुरला नव्हता.

मुंबईहून आल्यावर पिशव्या तशा रचलेल्या कुठं होत्या? चार दिवस, लहान्याच्या घरी.

नानांना गुडघा विसरून उठावं लागलं. सगळा पुरावा त्याच्याच दाराशी जात होता, ज्याला वाचवायची त्यांनी पैज मारली होती.

४

खोडाळ्याला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडून ऊन वर आलं होतं. फागी अंगण सारवत होती. शेजारची चैती शेण कालवून देत होती. नानांना बघून फागी उठली, हात धुतले, खाट टाकली. जव्हारला काय झालं याची तिला गंधवार्ताही नव्हती हे तिच्या हसण्यावरून दिसत होतं.

"नाना, बस. तो कदी येल? पसंत पडली का खुरासनी?"

"येईल," नाना म्हणाले. खोटं बोलताना त्यांना घसा खाकरावा लागे.

तिनं नागलीची आंबील पुढं ठेवली आणि ओशाळून उभी राहिली. "रागवू नको. तू आमच्या घरी पयल्यांदा आलास, भात घालायला हवा होता. पन पावन्याचा तांदूळ सरला."

"पावन्याचा?"

"आमी नागली खातो. लाल तांदूळ थोडका होता, तो त्या डालीत, टोपल्यात ठेवलेला. कोनी पावना आला तं त्याला."

"पावना कुठला आला?" चैती खुदकन हसली. "होळीपासून या पाड्यावर कुत्रंबी पावनं आलं नाय!"

नानांच्या हातातली आंबील तशीच राहिली. "फागी, मग तांदूळ कोणाला घातलास?"

फागीनं चैतीकडं असं पाहिलं, जणू तिला साधं मोजताही येत नाही.

"आलं ना," ती म्हणाली. "एक नाय, बारा आलं."

५

आणि मग तिनं सांगितलं, अगदी सहज, सारवता सारवता.

दुसऱ्याचं भांडं आपल्या घरी आलं तर ते रितं परत करायचं नाही. शेजारणीची वाटी असो, सासरची टोपली असो, मूठभर काहीतरी आपल्या घरचं त्यात घालायचं. या पिशव्या तर कुठल्या कुठून आलेल्या. लहान्यानं सांगितलं होतं, समुद्राच्या पलीकडच्या माणसांच्या आहेत, भरून त्यांच्याकडंच जायच्या.

"पण फागी, त्यात खुरासणी भरायचीच होती ना? मग रित्या कशा जाणार होत्या?"

"खुरासनी तं इकायची!" फागीला नवलच वाटलं. "इकायचं ते येगळं, नाना. त्याचं दाम मिळनार. ते आपल्या घरचं देनं झालं का? इतक्या लांबून त्यांनी भांडी धाडली. ती नुसत्या इकायच्या मालानं भरून दिली तं ती मानसं काय म्हनतील? खोडाळ्याच्या बाईला रीत नाय म्हनतील."

"आणि पुरला नाही."

"नाय पुरला. पयल्याला मूठ घातली तवा वाटलं पुरंल. मंग हात आखडला. शेवटच्याला तं डाल झटकली. लाज वाटली माला, पन काय करू?"

नानांनी डोळे पुसले आणि धूर झाला म्हणाले. चूल विझलेली होती. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. परकी बंदरं, शंभरात दोन भागांची अट, कचेरी, हद्दपारी. फागी ऐकत होती. तिचे शेणानं भरलेले हात तसेच पुढं राहिले होते.

"त्यानं माझं नाव नाय घेतलं?"

"नाही."

"गाढव आहं," फागी म्हणाली. तिनं हात खळखळून धुतले, लुगडं खोचलं आणि चैतीला म्हणाली, "कोंबड्या कोंड माझ्या. मी जव्हारला जाते."

नानांनी तट्टू देऊ केलं. बसली नाही. सबंध वाट ती तट्टाच्या पुढं चालत होती, आणि नानांनाच टाच मारावी लागत होती.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी मेहताजींची गाडी जुंपून तयार होती. नानांनी कचेरीत बाराही ढिगांसमोर उभं राहून पहिल्यापासून सांगितलं. तळाचा तांदूळ, महागाचा तांदूळ, रंगूनचा पांढरा आणि घरचा लाल, भरण्याचा क्रम आणि उतरत्या मुठी. शेवटी म्हणाले, "साहेब, मोहरेआधी मी प्रत्येक पिशवी वरून तपासली, तळात हात घालून पाहिलं नाही. ही चूक माझी. पण भेसळ नाही. हा आहेर आहे."

लहान्या भिंतीशी उभा होता. दारात फागी दिसताच तो हातानंच तिला परत जा म्हणू लागला.

"तुला हे माहीत होतं?" कारभाऱ्यांनी त्याला विचारलं. "भरताना तांदूळ दिसला नाही?"

"दिसला ना," लहान्या म्हणाला. "दुसऱ्याच्या भांड्यात घरचं मूठभर असतंच. ते काडून टाकायचं म्हंजे घरचा हात झिडकारायचा. तू इचारलंस काय घातलंस. मी खुरासनी घातली, तेच बोललो. मंग चादरीवर तांदूळ बघून सगळी गरजली तवा कळलं, की याला इथं चोरी म्हनत्यात."

"मग त्याच वेळी सांगायचं!"

"सांगितलं असतं तं तू तिला बोलावलं असतंस. इथं सगळ्यांम्होरं तिच्या तांदळाला घान म्हनलं असतं." लहान्यानं मान खाली घातली. "तिनं तो चार महिने राखला होता."

मेहताजींनी स्वतः उठून चाळणी मागवली. ढिगामागून ढीग चाळला. तांदूळ वर राहिला, खुरासणी खाली सांडली. ती त्यांनी तळहातावर घेतली, फुंकर मारली, दाताखाली चावली.

"शंभरात एक भागसुद्धा घाण नाही," ते म्हणाले. "मुंबईत असा माल मी पाहिला नाही. पुन्हा भरा, पुन्हा मोहर करा, मी घेऊन जातो. सौदा पक्का समजा."

"मंग रित्याच धाडशील?" फागीनं दारातूनच विचारलं.

सगळे तिच्याकडं वळले. अट ती अट, पिशवीत तांदूळ जाणार नव्हता. मेहताजींनी चाळणीतला सगळा तांदूळ आपल्या उपरण्याच्या पदरात घेतला आणि गाठ मारली.

"हा वेगळा धाडतो, बाई. पेढीच्या पत्रासोबत. कोणाच्या घरून आला तेही लिहितो. नाव काय तुमचं?"

"फागी," ती म्हणाली. "थोडका आहं म्हनून लिव. शेवटच्यांना कमी पडला, राग धरू नका म्हनाव."

मेहताजींनी खरोखरच तसं टिपून घेतलं. कारभाऱ्यांनी लहान्याची मापारकी कायम केली आणि नानांना, मोहर करण्याआधी इथून पुढं तळ तपासत चला, असं सगळ्यांदेखत सुनावलं. नानांनी ते निमूट ऐकून घेतलं. एरवी त्यांनी घेतलं नसतं.

७

परतीच्या वाटेवर नवराबायको पुढं, नाना तट्टावर मागं. घाटाच्या पहिल्या वळणावर फागी थांबली.

"घालवलं असतं तं कुठं जानार होतास?"

"नाशकाकडं," लहान्या म्हणाला. "कोनाच्या शेतावर."

"एकटा?"

"मंग? तुला कशाला? तू घरी राह्यली असतीस. तुला कोनी नाव ठेवलं नसतं."

फागी रस्त्यातच खाली बसली. इतका वेळ, खोडाळ्यापासून जव्हारपर्यंत आणि भर कचेरीत, जी बाई रडली नव्हती, ती आता हमसून हमसून रडायला लागली. लहान्या गांगरला. तिच्याजवळ उकिडवा बसून तो नुसता "अगं, पन राह्यली ना मापारकी, अगं, नाय गेलो ना," असं म्हणत राहिला.

"माझं चांगलं नाव घेऊन मी काय करनार होते?" तिनं त्याच्या खांद्यावर एक चापट मारली, मग दुसरी. "कोनाशी बोलनार होते रं त्या घरात?"

कचेरीत कारभाऱ्यांच्या रागाला न घाबरलेला तो माणूस हात जोडून म्हणाला, "चुकलो."

रघुनाना तट्टावरून उतरले. गुडघा दुखतोय असं मोठ्यानं सांगून त्यांनी एका झाडाखाली पाठ टेकली आणि दोघं उठून चालू लागेपर्यंत डोळे मिटून पडून राहिले.